हसणारा कोल्हा आणि फोनताई

फोनताईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे. त्याखेरीज ते कुठे वापरात नाही. कार्यालयात सगळे त्यांना फोनताईच म्हणतात, साहेबसुद्धा.

शहरात शिरलेल्या जंगली प्राण्यांच्या तक्रारी घेणं हे या कार्यालयाचं काम. तीन टेबलं, दोन कपाटं, मागच्या बाजूला जाळी लावलेली गाडी. कुणाच्या न्हाणीघरात साप निघतो. कुणाच्या ओट्यावर माकड बसतं. शाळेच्या मैदानात रानडुक्कर येतं आणि शिक्षकच आधी बाकावर चढतात. हे सगळे फोन तिसऱ्या टेबलावर येतात. फोनताई ‘तक्रार नोंदणी, बोला’ म्हणतात आणि पेनाचं टोपण काढतात. बावीस वर्षं हेच. आवाज कोरडा. समोरचा कितीही किंचाळत असला तरी त्या पत्ता दोनदा विचारणार. मग चिठ्ठी जाळीवाल्या काकांकडे जाते. काका गाडी काढतात, परत येऊन काय झालं ते सांगतात, आणि फोनताई नोंदवहीत शेरा लिहितात.

मी तिथे सहा महिन्यांसाठी लागलो होतो. जुन्या नोंदवह्या संगणकात उतरवायच्या होत्या. साहित्याची पदवी घेऊन मी वर्षभर घरी बसलो होतो. आधी बाबा जेवताना विचारायचे, ‘काही जमलं का?’ मग विचारायचे थांबले. ते जास्त लागायचं.

त्या वर्षात मला हसवणारी एकच गोष्ट होती. इंटरनेटवरचा एक ग्रुप, ‘दारात कोण आलंय’ नावाचा. कुठकुठल्या देशांतली चाळीस हजार माणसं त्यात होती. दारात, गाडीत, गच्चीवर आलेल्या जनावरांचे फोटो टाकायचे आणि एकमेकांची टर उडवायची. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचं. बटण दाबलं की भाषांतर व्हायचं.

एक नर्स होती. ती लिहायची, ‘आमच्याकडे शेजारी वीस वर्षं बोलत नाहीत. अस्वल मात्र न विचारता आत येतं.’ जहाजावरचा एक आचारी होता. बूट विकणारा एक जण होता, तो आईबरोबर राहायचा. त्याच्या देशात घरातही बूट घालतात हे कळल्यावर कुणीतरी त्याला विचारलं होतं, ‘मग विंचवाने झोपायचं कुठे?’ त्यावर दोन दिवस चर्चा चालली होती.

पण ग्रुपचा खरा जीव म्हणजे ‘टेबल क्रमांक तीन’. नाव एवढंच. फोटोच्या जागी रिकामी खुर्ची. हे टेबल प्रत्येक फोटोला सरकारी कागदासारखं उत्तर द्यायचं. गाडीत घुसून बिस्किटं खाणाऱ्या अस्वलाला: ‘चालकाने परवाना दाखवला नाही. हॉर्न न वाजवण्याची तोंडी समज दिली.’ बसथांब्यावर उभ्या असलेल्या सांबराला: ‘रांगेत उभे असल्याने कार्यवाहीची गरज वाटत नाही. माणसांनी पाहून घ्यावे.’ हळूहळू सगळेच तसं लिहायला लागले. तिथे कुणी सरळ बोलायचं नाही, असा रिवाजच पडला. मी एकट्याने अंथरुणात पडून ते वाचायचो आणि हसायचो. आई दारातून डोकावून जायची. मुलगा हसतोय, एवढंही तिला पुरायचं.

कार्यालयात तिसऱ्या आठवड्यात मी नऊ वर्षांपूर्वीची एक नोंद उतरवत होतो. शेरा असा होता: ‘माकड मिळून आले नाही. चष्मा मिळून आला. चष्म्याची तक्रार नाही.’

माझे हात थांबले. हे वाक्य मी आधी वाचलं होतं. ग्रुपवर. जसंच्या तसं.

मी वही उचलून तिसऱ्या टेबलाकडे गेलो.

“हे अक्षर तुमचं?”

“मग कुणाचं असणार?”

“म्हणजे टेबल क्रमांक तीन तुम्ही?”

फोनताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे टेबल कितवं आहे?”

“तिसरं.”

“मग एवढं शिकून काय केलंस?” त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “काकांना सांगू नकोस. ते रोज माझेच विनोद मला वाचून दाखवतात. वर म्हणतात, तुम्हाला नाही कळायचे.”

मी थक्क होऊन खुर्चीत बसलो. वर्षभर ज्या माणसाने मला धरून ठेवलं होतं, ते माणूस माझ्यापासून सहा फुटांवर डबा उघडत होतं.

नंतर मी त्यांना विचारलं होतं, हे कशासाठी करता. त्या म्हणाल्या, “दिवसभर घाबरलेली माणसं ऐकते. जेवणाच्या सुट्टीत जरा न घाबरलेली बघावीशी वाटतात.” घरी त्यांचे सासरे होते. ऐकू कमी यायचं. “घरी बोलायला कुणी नाही,” त्या म्हणायच्या. “ओरडायला आहे.”

त्या दिवसापासून मी त्यांचा ‘कवी’ झालो. मी एकही कविता लिहिलेली नव्हती. त्या म्हणाल्या, म्हणूनच म्हणते, लिहिली असतीस तर नसतं म्हटलं.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बूटविक्याने फोटो टाकला. त्याच्या देशात तेव्हा नुकतं उजाडलं होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं, आणि उंबऱ्यावर एक कोल्हा. मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, ओठ मागे गेलेले. अगदी हसल्यासारखा. खाली लिहिलं होतं: ‘पाहुणे आले आहेत. दूध नको म्हणतात. मी कुरवाळायला गेलो तर प्रेमाने बोटाला दात लावले. आईने पट्टी बांधली. बूट दाखवू का विचारतो.’

काका खदाखदा हसत होते. मीही हसलो. “काय हसतोय बघा.”

फोनताईंनी घास खाली ठेवला. फोन हातात घेऊन फोटो मोठा केला.

“हसत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“तोंड बघा की.”

“हनुवटी बघ. ओली आहे. लाळ गळतेय. वाटी भरलेली आहे आणि तो तिच्याकडे बघतही नाही. मागचा पाय बघ कसा पडलाय. उजाडलं तरी माणसाजवळ येऊन बसलाय.” त्यांनी फोन टेबलावर ठेवला. “पिसाळलेला आहे.”

काकांचं हसू गेलं. जनावर पकडणारा माणूस. त्यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि मान हलवली.

पिसाळलेलं जनावर चावलं तर लगेच जखम धुवायची आणि लस घ्यायची. घेतली तर माणूस वाचतो. लक्षणं दिसेपर्यंत थांबला तर मग उपाय नाही. या कार्यालयात हे शिपायालाही ठाऊक आहे.

गुपित काकांसमोर फुटलं तर फुटो, फोनताईंनी टेबल क्रमांक तीनच्या नावाने ग्रुपवर लिहिलं: ‘कोल्हा पिसाळलेला आहे. जखम साबणाने धुवा. ताबडतोब दवाखान्यात जाऊन लस घ्या.’

पाच मिनिटांत दोनशे जण हसले.

टेबल क्रमांक तीन गंभीर झालं की सर्वांत जास्त हसू येतं, ही सगळ्यांची सवय. त्या टेबलानेच ती लावली होती. आचाऱ्याने लिहिलं, ‘कोल्ह्याचा रहिवासी दाखला जोडला नाही.’ बूटविक्याने लिहिलं, ‘पाहुण्यांनी दवाखान्यात यायला नकार दिला.’ फोनताईंनी पुन्हा लिहिलं की ही थट्टा नाही. त्यावर आणखी तीनशे. बूटविक्याने उत्तर दिलं, ‘तुमच्या देशात सगळंच चावतं. आमच्याकडचे कोल्हे चांगल्या घरातले असतात. लहानपणापासून बागेत येतात.’

त्याला वैयक्तिक निरोप पाठवला. त्यालाही हसणारा चेहरा आला.

“त्याची चूक नाही,” फोनताई म्हणाल्या. “मीच शिकवलंय.”

त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

“कवी, तू लिही. तुला शब्द येतात.”

मी लिहायला बसलो. दहा मिनिटांत अर्धं पान झालं. जीवनाचं मोल होतं त्यात, अनोळखी माणसांमधला जिव्हाळा होता, हास्याआड दडलेला मृत्यूही होता. फोनताईंनी ते वाचलं.

“यात बोट कुठे आहे त्याचं?”

मी पुन्हा पाहिलं. बोट नव्हतं.

त्या उठल्या. कपाटातून एक नोंदवही काढली. अकरा वर्षांपूर्वीची. पान शोधावं लागलं नाही.

“एका बाईंचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “नवऱ्याला मुंगसाने ओरखडलंय. नवरा मागून हसत होता, म्हणत होता, मुंगसाला काही झालं नाही ना विचार. मीही हसले. आणि हे लिहिलं.”

शेरा होता: ‘किरकोळ. कार्यवाही आवश्यक नाही.’

खाली वेगळ्या शाईत, महिनाभरानंतरची तारीख आणि एकच शब्द: ‘मयत.’

काकांनी पानाकडे पाहिलंही नाही. त्यांना माहीत होतं बहुतेक.

“माझा चेहरा दिसला पाहिजे,” फोनताई म्हणाल्या. “कागदावर विश्वास नाही बसायचा आता. तू फोन धर.”

“तुम्हाला सगळे ओळखतील,” मी म्हणालो. “साहेब बघतील. ही नोंदसुद्धा.”

“बघू देत.”

मी फोन धरला. त्या म्हणाल्या, “कोपर टेबलावर टेकव, म्हणजे हलणार नाही.” मग कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागल्या. तोच कोरडा आवाज. ‘टेबल क्रमांक तीन म्हणजे मी. मी थट्टा करत नाही. हे पान मी लिहिलं. हा माणूसही हसत होता. तो गेला. तुमचं बोट आत्ता साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मग दवाखान्यात जा. आजच जा. कोल्ह्याला कुणी हात लावू नका. आईंनाही लावू देऊ नका.’

एवढंच. मला एकही शब्द काढता आला नसता आणि एकही घालता आला नसता. खाली भाषांतर आपोआप उमटलं.

या वेळी हसणारा चेहरा एकही आला नाही. मग नर्सने लिहिलं: ‘ही बरोबर बोलते आहे. मी नर्स आहे. जा.’ मग आचाऱ्याने लिहिलं, ‘जा रे बाबा.’ मग एकामागून एक शेकडो माणसं आपापल्या भाषेत तो एकच शब्द लिहीत राहिली.

बूटविक्याचं उत्तर आलं नाही.

शुक्रवारी नाही. शनिवारी नाही. फोनताई फोन घेत होत्या, पत्ता दोनदा विचारत होत्या. शुक्रवारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. वीस मिनिटांनी बाहेर आल्या. काका म्हणाले, “काय झालं?” त्या म्हणाल्या, “लेखी खुलासा मागितलाय. कवी, हे तू लिही. यात बोट नसलं तरी चालेल.” आम्ही तिघं हसलो, पण कुणाचंच लक्ष त्यात नव्हतं. डबा त्यांनी दोन्ही दिवस तसाच परत नेला.

रविवारी दुपारी बूटविक्याने लिहिलं. चित्र नव्हतं, थट्टा नव्हती. व्हिडिओ आईने पाहिला होता. भाषांतर वाचायच्या आधीच तिने त्याला कॉलर धरून मोरीवर नेलं होतं. लस सुरू झाली होती. कोल्हा दुसऱ्या दिवशी शेजारच्या छपरीत मेलेला सापडला. तपासणीत तो पिसाळलेलाच निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं.

मी फोनताईंना फोन केला. त्यांनी आधीच वाचलं होतं. “हो,” एवढंच म्हणाल्या. मागे सासरे मोठ्याने विचारत होते, कोण आहे. फोनताई ओरडल्या, “वाचला, बाबा.” ते म्हणाले, “कोण?” “आपलाच एक जण,” त्या ओरडल्या.

माझे सहा महिने संपले. मला दुसरीकडे काम लागलं, लिहिण्याचंच. काहीही लिहिलं की मी आधी बघतो, त्यात बोट आहे का. पुष्कळदा नसतं. मग पुन्हा बसतो. बाबा आता जेवताना विचारतात, काय लिहिलंस. हे सगळं कुणामुळे, ते मी त्यांना सांगितलं आहे. फोनताईंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, गाडी निघतेय, बाजूला हो.

त्या रविवारनंतरच्या सोमवारचं मात्र सांगायचं राहिलं. अकराच्या सुमाराला तिसऱ्या टेबलाचा फोन वाजला. व्हिडिओत मागच्या भिंतीवर कार्यालयाचा फोन क्रमांक रंगवलेला दिसत होता. कुणीतरी तो वाचला होता.

“तक्रार नोंदणी, बोला.” फोनताईंनी टोपण काढलं.

पलीकडून कुणीतरी बोलायला लागलं. फोनताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी टोपण परत लावलं. मला हाताने जवळ बोलावलं आणि रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला. म्हातारा आवाज होता, बाईचा. भाषा मी कधीच ऐकली नव्हती. मध्ये ती थांबे, श्वास घेई, पुन्हा सुरू होई. फोनताई “हं” म्हणत होत्या. एकदा “हो, आई” म्हणाल्या. दुसऱ्या लाइनवर आणखी कुणीतरी थांबलं होतं, दिवा लुकलुकत होता. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला असं थांबवून ठेवलं नव्हतं.

नऊ मिनिटांनी पलीकडचा फोन ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी ठेवला.

“काय म्हणाल्या?” काकांनी विचारलं.

“एक अक्षर कळलं नाही.”

“मग एवढा वेळ काय ऐकत होतात?”

फोनताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “त्या बोलत होत्या ना,” त्या म्हणाल्या. “त्यांचं संपल्याशिवाय कसा ठेवणार?”