आवक नोंदवहीतली तारीख

ती सरकारी दफ्तरखान्यात युद्धकाळातल्या फायली सांभाळायची. कसर लागली नाही ना ते बघायचं, अभ्यासकांना हवं ते काढून द्यायचं. घरातले तिला ताई म्हणत. दफ्तरखान्यातही तेच नाव चिकटलं.

सांभाळता सांभाळता ती फायली वाचायची. चौकात ज्यांचा पुतळा होता, त्या युद्धकाळच्या पंतप्रधानांनी तहाची संधी हट्टाने घालवली, लढाई लांबवली आणि साम्राज्य त्यातच खिळखिळं झालं, असं तिचं पक्कं मत झालं. जेवताना ती हे धाकट्या भावाला ऐकवी. तो कॉलेजात इतिहास शिकवायचा. हसून म्हणायचा, ताई, भात वाढ आधी.

पुढे त्याच भावाचं पुस्तक आलं. मत तेच. पुस्तक हातोहात खपलं, गावोगावी वाद पेटले, पेपरात फोटो छापून आला. आई तो फोटो शेजारणींना दाखवत सुटली. ताईने पुस्तक वाचलं. तिची वाक्यं जशीच्या तशी होती; तिचं नाव कुठेच नव्हतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

मग ती चूक शोधायलाच बसली. भावाने लिहिलं होतं, शत्रूचं तहाचं पत्र तीन तारखेला आलं, पंतप्रधानांनी ते दडपलं आणि आठ तारखेला हल्ल्याचा हुकूम दिला. ताईने आवक नोंदवही काढली. तीन तारीख पत्र लिहिल्याची होती. ते हाती पडलं नऊला, हुकमाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तिचंही इतकी वर्षं चुकलंच होतं.

त्याच आठवड्यात पंतप्रधानांची बाजू घेणारे एक वृद्ध प्राध्यापक फायली बघायला आले. नोंदवही त्यांनी मागितली नव्हती. ताईने ती त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

जाहीर चर्चेत प्राध्यापकांनी ती तारीख पुढे केली आणि भावाची पार शोभा झाली. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वही तू दिलीस?"

"हो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

कामाचा भाग म्हणून दिली, असं ती सांगू शकली असती.

"तुझं कौतुक बघवत नव्हतं मला," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "आपलं म्हणणं बुडालं, ताई."

'आपलं' हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. ती म्हणाली, एका पत्राचा पुरावा गेला म्हणून सगळं गेलं नाही. वसाहतींकडून आलेल्या तक्रारींचे गठ्ठे युद्धाच्या आधीपासून उत्तराविना पडलेत, ते कुणी बघितलेच नाहीत.

ते गठ्ठे दोघांनी वर्षभर वाचले. साम्राज्य एका माणसाच्या हट्टाने नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून पोखरलं जात होतं, असं त्यांना दिसलं. नव्या आवृत्तीवर दोघांची नावं आली. व्याख्यानाला बोलावणं मात्र अजून त्यालाच येतं. ताई तिसऱ्या रांगेत बसते. एखादी तारीख आठवेना की तो तिच्याकडे बघतो. ती सांगते, पण त्याला थोडं ताटकळत ठेवून.