विष्णूकाकांच्या दोन पिशव्या

व्हिडिओ त्रेचाळीस सेकंदांचा होता आणि हृषिकेशने तो निव्वळ गंमत म्हणून केला होता. हे तो नंतर इतक्या जणांना सांगत सुटला, की शेवटी त्याची बायको शमिका म्हणाली, "गंमत होती तर इतक्यांदा सांगावं का लागतंय?"

जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये गिअरबॉक्सची डिझाइनं करणाऱ्या या गृहस्थाला अमेरिकेच्या राजकारणाचं व्यसन होतं. तिथे त्याचं मत नाही, नातेवाईक नाहीत. एकदाच गेला, तेही डेट्रॉइटला विमान बदलायला. पण पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या भागात किती मतदार काठावर बसलेत, हे तोंडपाठ. आपल्या गावच्या महापौराचं नाव विचारलं, की मात्र "आल्झो..." असा जर्मन "म्हणजे..." लांबवत खिडकीबाहेर बघायचा. तिकडच्या प्रचाराच्या जाहिराती तर तो चवीने बघे. विरोधकाचा काळापांढरा फोटो, मुद्दाम संथ केलेली चाल, खर्जातला आवाज आणि शेवटी प्रश्न. आरोप करायचाच नाही, नुसतं विचारायचं. उत्तर लोक आपापल्या घरी तयार करतात. यातच सगळी कला आहे, असं तो कँटीनमध्ये समजावून सांगायचा.

अशात मराठी मंडळाची निवडणूक आली. कार्यक्रमांच्या हॉलची व्यवस्था बघणाऱ्या हॉलप्रमुखाच्या जागेवर विष्णूकाका अकरा वर्षं बिनविरोध होते. या वेळी बुकिंगचं अॅप करतो म्हणून कपिल उभा राहिला, आणि हृषिकेश हौसेने त्याचा प्रचारप्रमुख झाला.

विष्णूकाकांनी इथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मापं घेत तीस वर्षं काढली होती. बोलणंही मोजूनमापून, वर एक शब्द शिल्लक राहायचा नाही. काकू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे तीही कटकट मिटली होती. हॉलची किल्ली लाल नाड्याने गळ्यात असे, आणि कार्यक्रमाच्या दिवशी शेजारीण भेटली, की ते तिला जर्मनमध्ये "कामावर चाललोय" म्हणून सांगत. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती.

शमिकाच्या फोनमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाचं चित्रण होतं. पुढे त्यांचा दीड वर्षांचा ध्रुव ठेका धरतोय, आणि मागे विष्णूकाका दोन भरलेल्या काळ्या पिशव्या आपल्या गाडीच्या डिकीत ठेवतायत. हृषिकेशने ध्रुवला चित्रणातून कापलं, काकांना काळंपांढरं केलं आणि खर्ज लावला: "दर कार्यक्रमानंतर दोन पिशव्या. काय असतं त्यांत? मतदारांना हक्क आहे जाणून घेण्याचा."

मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकताच हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. तासाभराने कुंदाताईंना आठवलं, की दिवाळीला करंज्या कमी पडल्या होत्या. मग कुणाची स्टीलची परात सापडेना. उज्ज्वलने लिहिलं, आपण काही म्हणत नाही, पण पारदर्शकता हवी. अमेरिकेत असल्या कामाला सहा महिने आणि पोत्याने पैसा लागतो. इथे संध्याकाळच्या चहापर्यंत झालं. हृषिकेशने "अहो, गंमत होती" असं लिहिलं, तर कुणीतरी उत्तर दिलं, की गमतीतच खरं बाहेर येतं.

सभेत कपिलला एकतीस हात, काकांना नऊ. त्या एकतिसांत हृषिकेशचाही होता. प्रचारप्रमुखाने हात खाली कसा ठेवायचा? त्याला वाटलं होतं, काका उठून दोन वाक्यांत सगळं सांगून टाकतील. काकांनी नाडा गळ्यातून काढला, किल्ली टेबलावर ठेवली, खुर्ची आत सरकवली आणि ते निघून गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर सोमवारी हाउसमाइस्टरची, म्हणजे हॉलच्या देखभालवाल्याची, कपिलला ईमेल आली; ती त्याने हृषिकेशला पाठवली. सोबत फोटो. कागदाच्या निळ्या डब्यात भाताची शितं, प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यात चहाचा चोथा आणि सगळ्यावर बसलेलं एक डायपर. हे असंच चाललं तर हॉल बंद. शेवटी एक ओळ: हेर, म्हणजे श्रीयुत, विष्णू आजारी आहेत का? ते कार्यक्रमानंतर सगळे डबे उपसून कचरा वेगळा करायचे, आणि आमच्या डब्यात न मावणारा घरी न्यायचे.

हृषिकेशने ती ओळ तीनदा वाचली. कान तापले. ऑफिसात उकडत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो काकांच्या दारात उभा राहिला. हातात शमिकाने दिलेला तिळगुळाचा डबा. त्याचाच त्याला आधार वाटत होता. काकांनी आत घेतलं, चहा टाकला. दाराजवळच्या खुंटीवर किल्ली नव्हती, नुसता तसलाच एक जुना नाडा होता. हृषिकेशने व्हिडिओ पुसल्याचं सांगितलं, ग्रुपवर माफी लिहितो म्हणाला, कपिल किल्ली परत द्यायला तयार आहे म्हणाला. काका साखर ढवळत राहिले. ते चिडतील तर बरं, असं त्याला वाटायला लागलं.

"काका, सभेत एक वाक्य बोलला असतात, तर मीसुद्धा हात खाली घेतला असता," तो म्हणाला. "का नाही सांगितलंत, पिशव्यांत काय असतं ते?"

काकांनी कप त्याच्यापुढे सरकवला.

"तुझ्या ध्रुवचे डायपर असतात, हे चाळीस माणसांत सांगू होय रे?"