डाग्नीची कच्ची शिवण

स्काल्बी बंदरात डाग्नीचा दबदबा असा, की नवी बोट पाण्यात उतरायची ठरली की मालक आधी तिच्या माडीवर जाळ्याचं बोलून यायचा आणि मग पाद्रीबाबांना तारीख विचारायचा. बाई उंच, हाडापेराने मजबूत, जिभेने फटकळ. डेन्मार्कच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर जाळी विणणं हे पुरुषांचं काम. पण डाग्नी बापाची एकुलती एक. तेराव्या वर्षी त्याने तिच्या हातात दोरा भरलेली लाकडी सुई दिली, ती पन्नाशी उलटली तरी सुटली नव्हती. माझी गाठ सुटलेली दाखवा आणि जाळं फुकट घेऊन जा, असं ती भर धक्क्यावर म्हणायची. एकालाही दाखवता आली नाही.

फाटलेलं जाळं बघून बोट कुठे जाऊन आली हे ती सांगायची, आणि त्यामुळे खोटं बोलणाऱ्या कोळ्यांना तिचा धाक होता. दगडावर घासलं तर दोऱ्याला कुसं सुटतात. लोखंडाने कापलं तर सुरी फिरवल्यासारखं कापलं जातं आणि कडेला तांबूस डाग राहतो. आता त्या समुद्रात लोखंड एकाच जागी होतं. युद्धाच्या शेवटच्या महिन्यात बुडालेली जर्मन पाणबुडी, बंदरापासून साडेतीन तासांवर, आतली माणसं आतच. आमच्याकडे तिला पाणबुडी कोणी म्हणत नाही, नुसतं 'जर्मन' म्हणतात. जर्मनाच्या आडोशाला कॉड मासा खच्चून भरलेला असतो आणि तोच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी डाग्नीच्या मुलाने, टोर्बेनने, आपलं जाळं दुरुस्तीला आणून टाकलं. डाग्नीने ते जमिनीवर पसरलं आणि पोटाकडचं भगदाड हातात धरलं. कडा कापलेल्या, बोटांना गंज लागलेला. कुठे लागलं म्हणून विचारलं, तर टोर्बेन खिडकीबाहेर बघत म्हणाला, दगडाला.

"दगडाला गंज कधीपासून चढायला लागला?" डाग्नी म्हणाली.

"अगं आई, डेकवरचा असेल. तुला ऊठसूट जर्मनच दिसतो." आणि गडी हसत हसत जिना उतरून गेला.

ऊठसूट दिसणारच. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा आयनार तिथेच गेला होता. जाळं जर्मनात अडकलं, तारा ताणल्या गेल्या, बोटीचं मागचं टोक खाली ओढलं गेलं आणि मागून आलेल्या एका लाटेने काम तमाम केलं. बुडी मारणाऱ्या माणसांनी खाली उतरून आयनारला आणि त्याच्या खलाशाला वर आणलं. दफनानंतरच्या कॉफीला त्यांच्यातला एक जण डाग्नीजवळ आला आणि अगदी मनापासून म्हणाला, की बोट जर्मनाशेजारी सरळ उभी आहे आणि जाळं अजून धरून आहे, बाई, एक गाठ सुटलेली नाही. माणसाने सांत्वन म्हणूनच सांगितलं होतं. डाग्नीने त्याचे आभार मानले, त्याला केक वाढला, आणि मग परसात जाऊन भडाभडा ओकली.

त्याच आठवड्यात एकोणीस वर्षांच्या टोर्बेनने आईला शब्द दिला होता, की जर्मनाच्या वाटेला जाणार नाही. आता तो तिशीचा, स्वतःच्या बोटीचा तांडेल. पुन्हा शब्द मागितला असता तर पुन्हा दिला असता. देण्यात तो बापासारखाच दिलदार. डाग्नीने रात्रभर डोक्याचा भुगा करून घेतला. बोलून उपयोग नाही. जाळं द्यायचं नाही म्हटलं तर दुसरं कोणी देईल. बुधवारी दुपारी बोट निघायची होती.

मंगळवारी तिने दाराला आतून कडी घातली. ओढजाळं म्हणजे तळावरून फरफटत न्यायची मोठी पिशवी. तोंडाचा भाग वेगळा, मागचं पोट वेगळं, आणि दोन्ही एका शिवणीने जोडलेली. अडकतं ते बहुधा पोट, आणि शिवण तुटली तर पोट खाली राहून बोट सुटते. ती शिवण डाग्नीने उसवली आणि ईल माशांच्या सापळ्यांना वापरतात तो बारीक दोरा घेऊन पुन्हा घालायला बसली. पण हात ऐकेनात! चाळीस वर्षांची सवय, बोटं आपोआप दुहेरी गाठ मारायची आणि ती शिव्या घालत सोडवायची. बरं, बारीक म्हणजे किती बारीक? फारच कच्ची झाली तर भरलेल्या जाळ्याच्या वजनानेच उसवायची. जराशी पक्की राहिली तर... विचारायचं कोणाला? शेवटी तिने तोच दोरा तुळईला बांधून चार-चार पदरांनी स्वतःच त्याला लोंबकळून पाहिलं. अशा अंदाजावर तिने पोराचा जीव टांगला होता आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात बोटींचा रेडिओ चालू असतो. बोटी एकमेकींशी काय बोलतात ते घरात ऐकू येतं, बायका त्यावर कान ठेवून बटाटे सोलतात. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला टोर्बेनचा आवाज आला, "अडकलंय." शेजारच्या बोटीने कुठे म्हणून विचारलं. त्याने सांगितलं नाही. मग रेडिओ गप्प झाला.

ज्या घराचा आवाज असा गप्प होतो त्या घरी शेजारणी येऊन बसतात. त्या न बोलावता आल्या, कोट न काढता खुर्च्यांवर बसल्या. डाग्नी उभीच होती. तिच्या डोळ्यांसमोर शिवण होती, एकेक टाका. त्या डाव्या कोपऱ्यात हाताने दगा देऊन दोन टाके दुहेरी तर घातले नाहीत ना? सोडवले होते का सगळे? तिला आठवेना. ऐन वेळी आठवेना. पंचवीस मिनिटं ती त्या कोपऱ्यातच अडकून पडली होती.

मग रेडिओ खरखरला आणि टोर्बेनची सणसणीत शिवी ऐकू आली. अर्धं जाळं गेलं, परत येतोय. शेजारणी एकदम बोलायला लागल्या. डाग्नी मात्र जमिनीवर बसली ती बराच वेळ उठली नाही.

धक्क्यावर टोर्बेनने उरलेलं जाळं तिच्या पायाशी आपटलं. दहा-बारा माणसं बघत होती.

"बघ तुझी शिवण! आणखी पाच मिनिटं टिकली असती तर सगळं ओढून काढलं असतं मी."

त्याचा म्हातारा खलाशी व्हिली तिच्याकडे बघेना. त्याची छातीपर्यंत येणारी रबरी विजार पार वरपर्यंत ओली होती. डाग्नीने ते पाहिलं आणि ती एवढंच म्हणाली, की हात म्हातारे झाले रे माझे. लोकांनी माना खाली घातल्या. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत गेलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी कळलं, की टोर्बेनने जाळं दुसऱ्या जाळेवाल्याकडे, आक्सेलकडे, दिलंय. आक्सेलची माडी बंदराच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं काम जाडजूड. तो प्रत्येक शिवणीला दुहेरी दोरा वापरतो. शिवण सुटल्यावर टोर्बेन ती दुसऱ्याकडून पक्की घालून घेईल, हा विचार डाग्नीच्या मनाला शिवलाच नव्हता. ती एप्रनवरच निघाली.

आक्सेलच्या माडीवर टोर्बेन होता, व्हिली होता, आणखी दोन तांडेल कॉफी पीत होते. आक्सेल नव्या पोटाची शिवण घालायच्या बेतात होता. डाग्नीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"तो दोरा नको. बारीक घाल." मग ती मुलाकडे वळली. "हात म्हातारे झालेले नाहीत माझे. शिवण कच्ची घातली होती. मुद्दाम."

तांडेलांचे कप वाटेतच थांबले. या बाईने त्यांची जाळी विणली होती. टोर्बेनचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात व्हिली मान खाली घालून पुटपुटला, की पाणी केबिनच्या दारात आलं होतं, टोर्बेन. दारात.

टोर्बेनचा राग उतरला आणि त्याच्या जागी चेहऱ्यावर दुसरंच काही आलं. एकोणीस वर्षांच्या पोराचा चेहरा झाला त्याचा.

"मग बाबांच्या जाळ्याला का नाही घातलीस?"

डाग्नीला हा प्रश्न नवा नव्हता. अकरा वर्षं ती तो एकटीच ऐकत आली होती.

"तेव्हा मला माझ्या नावाची पडली होती," ती म्हणाली.

टोर्बेनने टोपी डोक्यावर घातली. आईकडे न बघता तो आक्सेलला म्हणाला, "तिने घातली होती तशीच घाल," आणि जिना उतरून गेला.