मागे राहिलेलं विरजण

वर्षभरासाठी घराला कुलूप लावायचं होतं, आणि निघायच्या संध्याकाळी मी दही लावलं. सकाळी ते कोण खाणार, असा प्रश्न मला पडला नाही. दूध उरलेलं दिसलं, कोमट केलं, विरजण घातलं, वर ताटली झाकली आणि बॅगा उचलायला गेले. काम हातांनी केलं. डोकं आधीच बोरिवलीला जाऊन गाडीची वाट बघत होतं.

वापी आलं तेव्हा आठवलं. ह्यांना म्हटलं, उतरू या. हे शेंगा सोलत होते. दही खायला का, असं शांतपणे विचारून त्यांनी चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

हे रिटायर झाले तेव्हा ह्यांच्याच डोक्यातून निघालेलं ते खूळ. देवदर्शनाच्या टूरसारखं धावायचं नाही. एका गावात जायचं, खोली घ्यायची, आणि भाजीवाली न विचारता आपल्या पिशवीत कोथिंबीर टाकायला लागेपर्यंत राहायचं. मग पुढचं गाव. भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटलं, मुलाशी भांडण झालंय. घोडबंदरच्या थोरल्या जाऊबाईंनी तर दारातच अडवलं. म्हणाल्या, "परत येशील तवा सवताच्या घरान पावनी होशील, ध्यानात ठेव."

ते वाक्य मी वर्षभर बॅगेत घालून हिंडले. ह्यांना सांगितलं नाही.

तर वापीहूनच मी समोरच्या गुजराती बेनला फोन लावला. तुळशीला पाणी घालायला चावी तिच्याकडे होती. ओट्यावर दही आहे, मोरीत ओतून टाका, म्हटलं. ती 'हा हा' म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दर आठवड्याला तिचा जीव खाल्ला. गॅसचा नॉब बघा, बेडरूमची खिडकी बघा, तुळस बघा. समोर बर्फाचे डोंगर, आणि मी विचारतेय, गॅलरीत कबुतरं येतात का. आता आठवलं की त्या वेळच्या मला तिथेच खाली बसवून दोन शब्द सुनावावेसे वाटतात.

त्या डोंगरातल्या गावात माझं दही काही लागेना. तीन दिवस मी दुधाला दोष दिला. शेवटी घरमालकीण आली, तिने भांडं जुन्या शालीत बाळासारखं गुंडाळलं आणि धान्याच्या पेटीत ठेवून दिलं. सकाळी वडीसारखं घट्ट दही. पुढे दक्षिणेतल्या एका गावात विरजण मिळेना, तर शेजारणीने कोमट दुधात हिरव्या मिरच्यांची देठं टाकली. मला वाटलं, गंमत करतेय. दही लागलं. लग्नापासून मी सुनेला, भाचीला, दिसेल त्या मुलीला दही लावायला शिकवत आले होते, आणि मला एकच पद्धत येत होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना हे मला हळूहळू कळत गेलं. त्या शालीचा लोकरी वास अजून नाकात आहे.

परत आलो. दार उघडलं आणि दिव्यासाठी माझा हात चुकीच्या भिंतीवर गेला. चहाची पातेली सापडेना. स्वतःच्याच सोफ्यावर मी टोकाला बसले, कुणी पाणी आणून देईल का, अशी. जाऊबाई जिंकल्या होत्या. हे मात्र खुशीत. चपला काढता काढता म्हणाले, पावसाळा संपला की आता पूर्वेकडे जाऊ. माझ्या मनात ठरलं होतं, आता पुरे. आणखी एकदा गेले तर हे घर मला ओळखणारसुद्धा नाही.

तेवढ्यात समोरची बेन दारात आली. हातात माझंच स्टीलचं पातेलं, वर माझीच ताटली. झाकण काढलं तर दही.

मी म्हटलं, अहो, मी टाकायला सांगितलं होतं. तिने पातेलं ओट्यावर वर्षापूर्वी होतं तिथेच ठेवलं. तेच विरजण ती रोज दुधाला लावत आली होती. रोज एक वाटी घरात खायची, चमचाभर उद्यासाठी ठेवायची. माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली, आणि तिच्या त्या मराठीत म्हणाली,

"बेन, हे तुमच्याच घरचं दही हाय, एक दिस पन तुटलं नाय. आता तुमी बिनधास्त परत फिरायला जावा. दह्याला तुमची काय बी गरज नाय."