महानंदाबाईंची फुलं

परभणीच्या बसस्थानकावर सोनपेठच्या दोन गाड्या मी मुद्दाम जाऊ दिल्या. तिसरीत चढलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसं दुखण्याला भितात; मी एका बाईला भीत होतो.

नाशिकच्या आपल्या छायाचित्र मंडळाच्या दालनातली माझी फुलांची छायाचित्रं तुम्ही सर्वांनी पाहिली आहेत. कॅमेऱ्याने टिपलेली, पण कुंचल्याने रंगवल्यासारखी. ती माझी नाहीत. पूर्वी परभणीत माझा स्टुडिओ होता. सोनपेठच्या महानंदाबाई तिथे रोल धुवायला देत. मी त्यांच्या फोटोंच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या आणि नाशिकला आल्यावर स्वतःच्या म्हणून मांडल्या.

वाटेत करडई फुलली होती. त्या केशरी रंगाकडे पाहवेना. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, “कुनाकडं जायलाव, काका?”

“महानंदाबाईंकडं. फुलांचे फोटो काढतात त्या.”

“मावशीकडं व्हय? जपून बोला. गेल्या बाजारी एकानं माप कमी दिलं, तर लय झापलं त्याला.” तो हसला.

दार उघडंच होतं. महानंदाबाई ओसरीवर बसल्या होत्या. केस पांढरे, कपाळावर विभूती.

“शरणु शरणार्थी,” (लिंगायतांचा नमस्कार) त्या म्हणाल्या. “फोटोवाले ना तुमी? लय वाळलाव.”

त्यांच्यापुढे पितळी परातीत पाणी होतं. सकाळच्या पूजेतून उतरलेली फुलं नदीत सोडण्याआधी त्या पाण्यात मांडत होत्या. वरून त्यांनी करडीच्या तेलाचे चार थेंब सोडले. तेल पसरलं, तशा मलूल झेंडूच्या कडा ओल्या रंगासारख्या विरघळल्या. त्यांनी वाकून फोटो घेतला. इतकी वर्षं ज्यावर मी भाषणं दिली, ते करतात कसं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी सगळं सांगून टाकलं.

“कसं काढलं म्हणून सांगितलं लोकांना?”

“भिंगावर वाफ धरतो म्हणून.”

“वाफेनं अशा कडा सुटतेत व्हय? आन् लोकांनी ऐकून घेतलं?” त्या खूप हसल्या. सुटलो, असं मला वाटलं.

मग पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “पेपरात आलं तवाच पोरीनं दाखवलं होतं. मला ठावं हाय ते मला सांगून काय उपेग? ज्यांनी तुमाला शाल घातली त्यांना सांगा. मग या. जेवू घालते.”

आतून भाकरीचा खरपूस वास येत होता. भर दुपारी आलेल्या पाहुण्याला या भागात कुणी उपाशी धाडत नाही. मला धाडलं.

परतीच्या गाडीत भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. बाई एक होत्या, तुम्ही शंभर आहात. दालनाची किल्ली माझ्याकडे आहे. चित्रांखालची माझ्या नावाची पट्टी गुपचूप बदलावी, असं नाशिक येईपर्यंत मनात येत राहिलं. आजही येतं. म्हणून हे लिहून ठेवतो. रविवारी सकाळी दहा वाजता मी ती पट्टी काढणार आहे. कुणीही येऊ नये असं फार वाटतं. सर्वांनी या.