रस्त्यावरची नळी आणि पौर्णिमेची खीर

रिटायर झाल्यावर आम्ही अमेरिकेतल्या नोव्हाय शहरातलं घर विकलं आणि तासाभरावरच्या एका खेड्यात राहायला गेलो. बायकोला भाज्या लावायच्या होत्या, मला शांतता हवी होती. दोन्ही मिळालं. फक्त घरासमोरचा रस्ता कच्चा होता. हिवाळ्यात बर्फ, बर्फ वितळलं की चिखल आणि चिखल वाळला की पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे. त्यावरून गाडी चालवताना माणूस बोलला तर त्याचा आवाज थरथरत येई.

तक्रार करायला म्हणून मी टाउनशिपच्या मीटिंगला गेलो. आमच्याच रस्त्यावर एका खोलीचा जुना हॉल होता, तिथे महिन्यातून एकदा मीटिंग भरे. टाउनशिपचा सुपरवायझर, म्हणजे आपल्याकडचा सरपंच, मका आणि सोयाबीन पिकवणारा सत्तरीचा शेतकरी होता. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू इंजिनियर ना?"

"हो. पण गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचा. तीस वर्षं तेच केलं."

"चालेल," तो म्हणाला. "सरकारकडे दोन अर्ज करायचेत. एक रस्ता पक्का करायला, दुसरा या हॉलच्या दुरुस्तीला. लिहायला कोणी नाही."

हात वर झाले, ठराव पास झाला. तक्रारदार गेलो होतो, सेक्रेटरी होऊन परत आलो. बायको म्हणाली, "अहो, शांतता हवी होती ना तुम्हाला?"

माझे वडील विदर्भातल्या आमच्या वस्तीच्या समाजमंदिरासाठी कित्येक वर्षं पंचायत समितीत खेटे घालत. दर वेळी साहेब दौऱ्यावर. मला वाटायचं, अमेरिकेत असलं काही नसेल. इथे साहेब जागेवर असतात, हे खरं. पण फॉर्म चाळीस पानांचा असतो.

रस्त्याच्या अर्जासाठी रोज किती गाड्या जातात ते मोजावं लागतं. त्यासाठी काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या ऑफिसची, माणसं आली आणि रस्त्यावर एक काळी रबरी नळी आडवी ठोकून गेली. चाक वरून गेलं की बाजूच्या डब्यात नोंद होते. नळी आठवडाभर राहणार होती. सुपरवायझरने सगळ्यांना बजावलं, "नेहमीसारखंच वागा."

समोरच्या घरात ऐंशी पार केलेली एक विधवा आजी राहायची. त्या आठवड्यात तिचा पिकअप ट्रक दिवसातून पाच-सहा वेळा दूध आणायला जाऊ लागला. मी विचारलं तर म्हणाली, "या वयात विसरायला होतं रे." दूध आणायला मात्र ती दर वेळी खरोखरच विसरत होती.

त्याच आठवड्यात नोव्हायहून आमच्या बौद्ध मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. बुद्ध पौर्णिमेसाठी ठरवलेल्या हॉलचं डबल बुकिंग झालं होतं आणि कार्यक्रम रविवारी होता. फोन बायकोने घेतला. "काका, आमच्याकडे हॉल आहे की!" असं तिने सांगूनही टाकलं. नळी तिच्या डोक्यात नव्हती. माझ्याही नव्हती, शपथ.

शनिवारी रात्रीपासून पाऊस लागून राहिला. रविवारी सकाळी साठ-सत्तर गाड्या आमच्या रस्त्यावर वळल्या. माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, रस्ता गुडघाभर चिखलात. पहिली गाडी रुतली ती अध्यक्षांचीच. ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत खाली उतरले आणि एक बूट तिथेच सोडून हॉलमध्ये आले. सुपरवायझर ट्रॅक्टर घेऊन आला. दुपारपर्यंत त्याने सात गाड्या ओढून काढल्या. प्रत्येक गाडीमागे बायको त्याला एक वाटी खीर देत होती, त्यामुळे पुढे पुढे तो गाडी रुतायची वाटच बघत होता असं मला वाटलं.

मोठी पंचाईत व्हीलचेअरवरच्या एका काकूंची झाली. हॉलला पाच पायऱ्या आणि रॅम्प नाही. आमच्यात इंजिनियर भरपूर, त्यामुळे कुठून उचलायचं यावर पाच मिनिटं चर्चा झाली. काकू वैतागून म्हणाल्या, "अरे, मला उचला नाहीतर पावसात तरी सोडा!" शेवटी चौघांनी खुर्चीसकट वर उचललं. कोणीतरी फोटो काढले. आत संडास एकच, त्याचीही कडी तुटलेली. वंदनेपेक्षा तिथली रांग लांब होती.

मंगळवारी काउंटीतून फोन आला. फोनवरची बाई गोंधळली होती. "सर, रविवारी तुमच्या रस्त्यावर काय झालं? मशीन बिघडलंय का?"

सुपरवायझर माझ्या शेजारीच बसला होता. त्याने खांदे उडवले, म्हणजे तुझं तू बघ. नुसतं "हल्ली वर्दळ वाढलीय" एवढं म्हणून भागलं असतं. पण दोनच दिवसांपूर्वी मी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात पंचशील म्हटलं होतं आणि त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं आहे. मी खरं सांगितलं. दुधाचं तेवढं नाही सांगितलं, कारण ते कोणी विचारलं नव्हतं.

रविवार वजा झाला. उरलेल्या गाड्या कमी पडल्या आणि रस्ता अपात्र ठरला.

सुपरवायझरने रस्त्याचा अर्ज कपाटात ठेवला. मला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "दुसऱ्या फॉर्मात काय विचारलंय? हॉलचा उपयोग लोकांना कितपत होतो, असंच ना?"

त्या रात्री मी अर्जाला तो रविवार जोडला. काकू हवेत, खाली चार इंजिनियर, चौघांची तोंडं चार दिशांना, हा फोटो पहिल्या पानावर. संडासाच्या रांगेचा दुसऱ्यावर. काकूंची परवानगी घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "साडी नीट दिसतेय तोच फोटो दे."

वर्षभराने मंजुरी आली. रॅम्प झाला, दोन नवे संडास झाले, छपराची गळती थांबली. उद्घाटनाला सुपरवायझरने भाषण केलं, "झालं एकदाचं." त्याने काकूंनाच फीत कापायला बोलावलं. फीत कापून त्या स्वतः चाकं फिरवत वर गेल्या आणि वरून आम्हा चौघांकडे अशा बघत राहिल्या की आम्ही आपोआप माना खाली घातल्या.

बायकोने तिथल्या तिथे पुढच्या पौर्णिमेसाठी हॉल मागितला. सुपरवायझर म्हणाला, "फॉर्म भरावा लागेल. तुझ्या नवऱ्यानेच बनवलाय, अकरा पानांचा आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर मी तो फॉर्म अकरा पानांवरून एका पानावर आणायचं कबूल केलं.