ओढ्यातले दगड

मीरा, ईशान, परवा जंगलात तुमच्या या आजीला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानात आम्ही आठजण तंबू ठोकून राहिलो होतो. सकाळी वाटाड्या रामभाऊंच्या मागे ओढ्याकाठाने चाललो होतो. झाडी इतकी दाट, की पाण्यावर उन्हाचे ठिपकेच काय ते पडत होते. सोबतच्या सुनंदाबाई थांबल्या आणि ओढ्यातले दगड उचलून एकावर एक रचू लागल्या. घर व्हावं म्हणून देवाच्या डोंगरावर लोक रचतात, तसे.

"मुलाच्या फ्लॅटसाठी हो," त्या म्हणाल्या.

रामभाऊंनी वरचा दगड उलटून दाखवला. त्याला बेडकाची अंडी चिकटली होती, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. "नर राखण करतो यांची. तो बघा, तिथंच बसलाय." दगड उचलल्याने रिकाम्या झालेल्या जागेत अंगठ्याएवढा बेडूक बसला होता.

"इश्श! बेडूकच तर आहे."

"मग बिल्डरकडे जा ना, सुनंदाबाई! याच्या घरावर का उठलात?" मी ओरडलेच. रामभाऊंनी दगड ओला करून होता तसा ठेवला.

जिथे जाऊ तिथे आपण काहीतरी मागत सुटतो. जंगलात नुसतं चालून परत यायला काय होतं?

तंबूत परतले तरी धुसफुसत होते. मग आठवलं, तुम्ही सुट्टीत येता त्या घरासाठी मीही एकदा अशीच उतरंड रचली होती, झऱ्याकाठी. एकही दगड मी उलटून पाहिला नव्हता.